देवी काढली की निघाली?

‘काही होत नाही’ असं ज्यानं मला सांगितलं, त्याच्या उजव्या काखेत लिंबाएवढं अवधाण यावं आणि त्याच आठवड्यात त्याला वीस फेटे बांधायला लागावेत, एवढंच माझं टेकडीवरच्या देवीकडं मागणं आहे. जास्त काही नाही.

मी गणपत. देवासला टेकडीच्या पायथ्याशी राहतो. आमचा बाप दरबारात पगड्या बांधायचा, मी लग्नांत फेटे बांधतो. दरबार गेला, डोकी राहिली. मला लिहिता येत नाही, म्हणून मी बोलतोय आणि माझा मेहुणा शंकर मास्तर लिहितोय. त्यानं पहिल्याच ओळीत ‘मजला अत्यंत संताप आला’ असं लिहिलं होतं. म्हटलं, खोड ते. डोकं फिरलं असं लिही.

आता आमच्या गल्लीत परत देवीची टोचणी होणार आहे. रोज कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसतं, “गंपू भिया, सच बता, क्या होता है?” सांगून सांगून जबडा दुखायला लागला. तर एकदाच सांगतो, नीट ऐका.

काशीची अट

त्या वर्षी चैत्रात मी हाटपिपल्याला एका लग्नाला गेलो होतो. फेट्यांचं गाठोडं खांद्यावर, दारात उभा. आत वाजंत्री नाही, काही नाही. एका म्हाताऱ्यानं आतूनच हात हलवला, “पाछो जा भिया. लाडो नी र्‍यो.” नवरदेव राहिला नव्हता. देवीनं नेला होता. ज्याच्या डोक्याचं माप घेऊन मी पंधरा दिवसांआधी चेष्टा केली होती की एवढ्या डोक्याला दोन फेटे लागतील, तोच.

घरी आलो आणि काशीला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, सगुणाच्या देवी काढून घेऊ. सगुणा आमची पोरगी, चार वर्षांची.

काशीच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण आहेत, तोंडभर. ती चुलीपुढून उठलीच नाही.

“मला देवीनं हात लावला आणि सोडलं. मी का तिच्याशी भांडण काढू?”

“अगं, सरकार काढतंय. आपण कुठं काढतोय?”

“देवी बसवतात. काढतात कुठं? नवरात्रात कोणी देवी काढताना बघितलं तुम्ही?”

मी मास्तरकडं बघितलं, मास्तर छताकडं.

शेवटी तिनं अट घातली. “आधी तुम्ही काढून घ्या. तुम्हाला काय होतंय ते मी डोळ्यांनी बघते. मग पोरीचं.”

म्हणजे आमच्या सगुणाचं सगळं माझ्या दंडावर येऊन थांबलं. आणि माझा दंड कोरा होता. लहानपणी गल्लीत देवी डॉक्टर आला की आमचा बाप मला पगड्यांच्या पेटाऱ्यात लपवायचा. वर दरबारी मलमल, खाली मी. शिंक आली तर मार. सगळ्या गल्लीच्या देवी काढल्या, एक मीच राहिलो, आणि चाळिशीपर्यंत त्याची शेखी मिरवत होतो.

समोरच्याचा डावा

देवी डॉक्टर सायकलवर यायचा. कचेरीतल्या जुन्या घराण्यातला माणूस, टोपी, धोतर, शुद्ध बोलणं. त्याचं नाव मी सांगत नाही, त्याची पोरं चांगली आहेत.

“डावा हात,” तो म्हणाला.

आता माझं काय आहे, मी जन्मभर समोरच्याच्या डोक्यावर फेटा बांधला. समोरच्याचा डावा तो माझा उजवा. पीळ डाव्या कानावरून घ्या म्हटलं की माझा हात आपोआप उजवीकडं जातो. मी उजवा दंड पुढं केला. त्यानं बघितलं पण नाही. पैशाएवढी दातेरी चक्री होती त्याच्याकडं, ती दंडावर दाबली आणि फिरवली, एकदा, दोनदा.

मी विचारलं, “रावसाहेब, आता पुढं काय होतं?”

“काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं. चला, पुढचा कोण?”

“नाही, मतलब ताप-बीप? पोरीचं काढायचंय, म्हणून विचारतो.”

तो माझ्याशी बोललाच नाही. बरोबरच्या शिपायाकडं वळून म्हणाला, “अडाणी माणसाला सांगून काय उपयोग?”

मी हसलो. हे माझं असं आहे. कोणी शिवी दिली की मी आधी हसतो, राग मला तिसऱ्या दिवशी येतो. ह्या वेळी तिसऱ्या दिवशी राग आणि खाज बरोबरच आली.

मुंगी

चौथ्या दिवशी फोड. सहाव्या दिवशी मोत्यासारखा टपोरा, मधे खळगा. काशी रोज सकाळी बाही वर करून बघायची. मी हसत म्हणायचो, “मुंगी आहे, मुंगी.” आठव्या दिवशी सकाळी उठलो तर हात शरीरापासून लांब, कोंबड्याच्या पंखासारखा. काखेत अवधाण, लिंबाएवढी गाठ. अंगात असा ताप की मास्तरनं कपाळाला हात लावला आणि झटकला.

काशी म्हणाली, “मुंगी चांगलीच मोठी होती.”

खाज तर पाचव्या दिवसापासूनच इतकी, की देवाचं नाव आठवेना. मी खाजवलं. सगळ्यांसमोर नाही, मोरीत जाऊन, चोरून, मनसोक्त. आणि त्याच हातानं डोळ्यातला घाम पुसला. आठव्या दिवसापर्यंत उजव्या पापणीवर दुसरा फोड आला. डोळा बंद.

कोणी सांगितलं होतं का, की खाजवू नको? कोणी सांगितलं होतं, की तो पू डोळ्याला लागला तर तिथं पण उगवतो? माझा गाढवपणा आहे, मान्य. पण गाढवाला पण माणूस विहीर दाखवतो, की बाबा इकडं जाऊ नको.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? घरी पडला असता. मला धारचं लग्न होतं. जुन्या मानकऱ्यांचं घर, वीस डोकी, आणि त्यांनी बापाचं नाव घेऊन बोलावलं होतं. मी काशीला म्हटलं, डोळा एकच लागतो फेट्याला. तिनं गाठोडं बांधून दिलं नाही. मीच डाव्या हातानं बांधलं. ते बसस्टँडपर्यंत तीनदा सुटलं.

बसमध्ये माझं तोंड बघून शेजारचा उठला, मग त्याच्या शेजारचा. आयुष्यात पहिल्यांदा अख्खा बाक माझा. मला वाटलं, चांगली माणसं आहेत धारकडची.

नाक्यावर

धारच्या नाक्यावर साथीची चौकी बसवली होती. एक दरोगा खुर्चीवर, रजिस्टर घेऊन. त्यानं मला खाली उतरवलं.

“आँख को क्या हुआ?”

आता मी घरी मराठी बोलतो, बाजारात मालवी, आणि साहेब दिसला की हिंदी. ती हिंदी माझी मीच शिवलेली आहे, मापात बसेलच असं नाही. आपण मराठीत म्हणतो, देवी काढल्या. म्हणजे लस टोचली. सगळ्या जगाला माहीत आहे. मी छाती काढून म्हटलं, “साहब, देवी निकाली है. आठ दिन हुए.”

दरोगा खुर्चीसकट मागं सरकला. “देवी निकली है?”

“हाँ साहब! सरकारी है.”

“कहाँ से आ रहे हो?”

“देवास. हमारी गली में तो घर-घर निकाल रहे हैं. दो दिन में पूरे मोहल्ले की निकल जाएगी.”

त्यानं नाकाला पंचा लावला. मला वाटलं, माझ्या घामाचा वास आला. मी अजून सांगितलं, “मेरी लड़की की भी निकालनी है. पर औरत मना करती है.”

तर भिया, हिंदीत, मालवीत ‘देवी निकली’ म्हणजे अंगावर माता निघाली. मी सांगत होतो टोचणी, तो ऐकत होता साथ. त्यानं लिहून घेतलं की देवासच्या टेकडीखालचा अख्खा मोहल्ला मातेनं भरलाय आणि हा एक तिथून हसत हसत बसनं फिरतोय.

कोणी पुढं येऊन माझी बाही वर करून बघितली असती, तर काम झालं असतं. कोणी आलं नाही. लांबून काठी दाखवली आणि गाडीत चढायला सांगितलं. माझे फेटे तिथंच, चौकीमागं जाळले. वीस फेटे. जळताना मलमल फार लवकर जळते.

तबेला

गावाबाहेर घोड्यांचा जुना तबेला होता, घोडे गेलेले. तिथं माता निघालेल्यांना ठेवत. प्रत्येक ठाणात, म्हणजे घोडा बांधायच्या खणात, एक खाट. भिंतीवर घोड्यांची नावं अजून होती, चौकीदारानं मला वाचून दाखवलं, मी ज्या ठाणात होतो तिथं ‘बिजली’ राहायची. चौकीदाराच्या तोंडावर काशीसारखे वण, म्हणून तोच एकटा बिनधास्त आत फिरायचा. कंपाउंडर दाराबाहेर उभा राहायचा आणि तिथूनच ओरडायचा, “सब ठीक?” खिचडीचं वाडगं बांबूनं आत ढकलायचे. सकाळी फिनाइल, संध्याकाळी फिनाइल. मधल्या वेळात माश्या.

मी पहिल्या दिवशी ओरडलो, “मला नाही हो! मला टोचलंय!” कंपाउंडर म्हणाला, “सब यही कहते हैं.”

दुसऱ्या दिवशी पण ओरडलो. तिसऱ्या दिवशी मला स्वतःलाच वाटायला लागलं, की एवढे शिकलेले लोक म्हणतायत तर निघाली असेल. रोज सकाळी सगळं अंग तपासायचो. पाठ दिसत नाही, तर चौकीदाराला विचारायचो. तो म्हणायचा, “घमोरी है,” म्हणजे घामोळं. मी देवीला म्हटलं, आई, निघाली असशील तर चूक झाली, परत आत जा. हसू नका. बिजलीच्या ठाणात पडून बघा एकदा.

समोरच्या ठाणात राजगढकडची एक म्हातारी होती, केसरबाई. ती आजारी नव्हती, तिला लहानपणीच माता येऊन गेलेली. तिची नात धापू, सहा वर्षांची, ती खाटेवर. धापूच्या अंगावर बोट ठेवायला जागा नव्हती. तळपायाला, जिभेला, पापण्यांच्या आत. माझ्या अंगावर दोन फोड आणि मी सगळं गाव डोक्यावर घेतलं होतं. ती ‘पाणी’ एवढंच म्हणायची, तेही आजीला.

मी तिला फेटे बांधून दाखवायचो. फेटा नव्हता, पंचा होता, आणि हात एकच चालत होता. डोक्यावर बांधायला जायचो, तो नाकावर यायचा. केसरबाई सांगायची, “देख बेटी, भिया के नाक पे पगड़ी.” धापूला दिसत नव्हतं, डोळे चिकटलेले. पण ती ऐकून हसायची. हसलं की ओठ फुटायचे, म्हणून मग मी बंद केलं.

एक दिवस मी केसरबाईला विचारलं, “हिला टीका नी लगायो?” म्हणजे टोचलं नाही का.

ती पदराचं टोक पिळायला लागली. मग म्हणाली, “टीकावाळो आयो थो, भिया. ऊ बोल्यो, कंई नी होय. पाड़ोस का छोरा के लगायो. आठ दिन ताप में पड़्यो, हाथ यो सूज्यो. हम बोल्या, यो तो झूठो निकळ्यो. पाछो आयो तो छोरी के कोठी में छिपई दी.”

धान्याच्या कोठीत. वर ज्वारी, खाली धापू.

मी पेटाऱ्यात बसलेला माणूस.

शेजारचा पोरगा बरा झाला होता, बरं का. आठ दिवसांनी उठून खेळायला लागला. पण ते बघायला कोण थांबलं? लोकांनी ताप बघितला, आणि ‘काही होत नाही’ आठवलं.

तबेल्यातल्या दहाव्या दिवशी माझा डोळा उघडला. पापणीचे केस गेले, ते अजून आले नाहीत, लोक मला अर्धा काणा म्हणतात. त्याच दिवशी धापूचे डोळे पण उघडले. पांढरे होते, दोन्ही. ती म्हणाली, “बई, दिवो लगई दे.”

दुपार होती. बाहेर लखलखीत ऊन.

सुटका

पुढच्या दिवशी खरा डॉक्टर आला, आत आला, जवळ आला. माझी बाही वर केली आणि कंपाउंडरवर असा भडकला की घोडे असते तर उधळले असते. “ये टीका है! किसने लिखा माता?”

कंपाउंडरनं रजिस्टर दाखवलं. लिहिलं होतं, मरीज ने स्वयं बताया.

डॉक्टरनं मला विचारलं, मी सगळं सांगितलं, काढली आणि निघाली. तो हसला नाही. म्हणाला, “इतने दिन माता के मरीजों में रहे और कुछ नहीं हुआ. जानते हो क्यों?” आणि माझ्या दंडावर, त्या काळ्या खपलीवर, बोट ठेवलं.

मी म्हटलं, जानता हूँ साहब. मनात म्हटलं, पण हे मला देवासला, त्या चक्रीच्या आधी कोणी सांगितलं असतं तर तुमच्या बापाचं काय गेलं असतं? हे बोललो नाही. डॉक्टर पायऱ्या उतरल्यावर बोललो, बिजलीच्या भिंतीला.

पेटारा

घरी आलो तर दाराला कडुनिंबाचे डहाळे. घरात फोडणीचा वास नाही. धारहून चिठ्ठी आली होती, मास्तरनं वाचली होती, ‘गणपत को माता निकली’. घरात देवी असल्यावर पाळतात तसं, काशीनं अकरा दिवस फोडणी दिली नव्हती, केस विंचरले नव्हते. मला बघून ती रडली नाही. दंड बघितला, डोळा बघितला.

“पोरगी कुठाय?”

काशीनं कोपऱ्याकडं बघितलं. गल्लीत सकाळी देवी डॉक्टर परत आला होता, अजून पुढच्या घरांतून फिरत होता. मी पेटाऱ्याचं झाकण उघडलं. सगुणा आत पाय पोटाशी घेऊन बसली होती. तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली, “शू. शिंकायचं नाही.”

माझं डोकं फिरलं. काशीवर नाही. मी तिला धापूचं सांगितलं. आधी हसत सुरू केलं, सवय आहे ना, पण दिव्यापाशी येऊन अडकलो.

काशी म्हणाली, “आता खरं सांगा. ताप येतो?”

“येतो.”

“हात सुजतो?”

“सुजतो. अवधाण येतं. रडेल ती. दोन-तीन दिवस तर फार.”

“आणि डोळा?”

“डोळा माझ्या हातामुळं. खाजवलं नसतं तर काही नाही.”

“आणि कोणाला जास्त काही होत असेल तर?”

“होत असेल एखाद्याला. मला माहीत नाही. मी दोनच बघितली, माझं आणि धापूचं. त्यातलं माझं घे.”

ती पेटाऱ्याजवळ बसून राहिली. मग म्हणाली, “एवढं कोणी आधी बोललं असतं, तर मी अकरा दिवस अळणी खाल्लं असतं का?” आणि सगुणाला उचलून बाहेर काढलं.

मी पोरीला कडेवर घेऊन सरळ देवी डॉक्टरच्या सायकलीपुढं जाऊन उभा राहिलो. सगळी गल्ली गोळा झाली, त्यांना वाटलं गंपू काहीतरी सोंग करणार.

“रावसाहेब, हिच्या देवी काढा. पण आधी सांगा, काय होतं.”

“काही होत—”

“ते नको. ते मी ऐकलंय. ते ऐकून एक पोरगी आंधळी झाली. खरं सांगा. अडाणी आहे मी, हळू सांगा.”

तो लाल झाला. शिपायाकडं बघितलं, शिपाई सायकलची घंटी बघत होता. मग तो बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी खाज. सहाव्या दिवशी फोड. आठव्या-नवव्या दिवशी ताप, काखेत गाठ, घाबरायचं नाही. खाजवायचं नाही, डोळ्याला हात लावायचा नाही. शेण नाही, राख नाही, कोरडं ठेवायचं. तीन आठवड्यांनी खपली आपोआप पडते. ताप उतरला नाही, फोड पसरले, तर दवाखान्यात आणायचं, थांबायचं नाही.

सगळं येत होतं त्याला! पाठ होतं, पाढ्यासारखं! एवढं पोटात ठेवून हा माणूस सायकलवर गावभर फिरत होता आणि ‘मुंगी’ सांगत होता. मला त्याला मारावंसं वाटलं. पण कडेवर पोरगी होती, आणि माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.

सगुणा रडली. डावा दंड मी नीट तपासून दिला, तिचा डावा. चक्री दोन जागी फिरली.

घरी आणून मी बापाच्या पेटाऱ्यातली जुनी दरबारी मलमल काढली. दोन पट्ट्या फाडल्या आणि तिच्या दोन्ही मुठींना दोन छोट्या पगड्या बांधल्या, पिळासकट, तुऱ्यासकट, खाजवता येऊ नये म्हणून. आठव्या दिवशी ताप आला तेव्हा ती तापात त्या पगड्यांशी बोलत होती, एक राजा, एक दिवाण. काशी रात्रंदिवस उशाशी. मला एकदाही म्हणाली नाही की तुमच्यामुळं. ती आधीच ऐकून बसली होती ना, की आठव्या दिवशी येतो.

दहाव्या दिवशी ताप उतरला. दोन्ही खपल्या पडल्या त्या सकाळी काशीनं तिचा दंड उजेडात धरला. स्वतःच्या गालावरून एकदा हात फिरवला.

“माझे वण कधी कोणी मोजले नाहीत,” ती म्हणाली. “हिचे दोन.”